इटालियन किचनमधला सू शेफ: आधी मोजणी, मग चूल

सू शेफ म्हणजे किचनमध्ये हेड शेफच्या खालोखालचा माणूस. ही बढती बहुतेक वेळा लाइनवरच्या, म्हणजे चुलींच्या रांगेवरच्या, सगळ्यात चलाख हाताला मिळते आणि पहिल्या महिन्यातच त्याची दमछाक सुरू होते. कारण बढतीनंतरही तो काम कुकचंच करत राहतो, दुप्पट वेगाने. पास्ता स्टेशन मागे पडलं की स्वतः पॅन उचलतो. तो पॅनमध्ये गुंतला की पासवर, म्हणजे तयार ताटं तपासून बाहेर जातात त्या ओट्यावर, बघायला कोणी उरत नाही, मग ग्रिलही मागे पडतं. मीही सुरुवातीचे कित्येक महिने असंच केलं आणि रोज रात्री वाटायचं, माणसं कमी पडतात. माणसं पुरेशी होती. कामाचा क्रम चुकत होता.

इटालियन किचनमध्ये हा क्रम जास्तच जपावा लागतो, कारण पदार्थांत जिन्नस मोजके असतात आणि चव शेवटच्या दोन मिनिटांत ठरते. काचो ए पेपेमध्ये पास्ता, पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ताचं पाणी, बस. चूक झाकायला काही शिल्लकच नसतं. म्हणून खाली सू शेफचा दिवस ज्या क्रमाने व्हायला हवा, त्याच क्रमाने मांडला आहे. हा दिवस आदल्या रात्री सुरू होतो.

## १. आदल्या रात्री: मोजणी

शेवटचं ताट गेलं की सगळ्यांना घरी जायची घाई असते. मोजणी नेमकी तेव्हाच करायची. सकाळवर ढकललीत तर सकाळी मालाची गाडी दारात उभी असते, आणि मोजणी अंदाजाने उरकली जाते.

वजनकाटा आणि तक्ता हातात घ्या. प्रत्येक पदार्थासमोर चार रकाने हवेत: अपेक्षित विक्री, राखीव, शिल्लक, करायचं. समजा उद्या तालियातेल्ले अल रागूच्या (मांसाच्या सॉसमधला रुंद पट्ट्यांचा पास्ता) ३२ प्लेट जातील असा अंदाज आहे आणि राखीव ६ धरल्या. झाल्या ३८. प्लेटमागे १२० ग्रॅम रागू, म्हणजे ४,५६० ग्रॅम. शिल्लक १,४०० ग्रॅम. करायचा ३,१६० ग्रॅम. तक्त्यात हाच आकडा आला पाहिजे. ‘अर्धा डबा आहे’ असं कोणी सांगितलं तर डबा काट्यावर ठेवायला लावा. डब्यांचे आकार वेगवेगळे असतात आणि थकलेल्या माणसाला प्रत्येक डबा अर्धा भरलेला दिसतो.

अपेक्षित विक्री मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वारावरून काढा. शुक्रवारचा अंदाज गुरुवारवरून बांधायचा नाही. त्यात उद्याची आरक्षणं मिळवा, आणि मोठा ग्रुप असेल तर त्यांनी आधी काही ठरवलंय का ते विचारून घ्या.

ऑर्डर द्यायची ती मोजणी झाल्यावर. मासळी, शिंपले, बेसिल, ताजी मोझारेला रोजच्या रोज. पीठ, तांदूळ, डबाबंद टोमॅटो, ऑलिव्ह तेल आठवड्याच्या हिशेबाने.

आणखी तीन कामं रात्रीचीच आहेत: रिकोटा चीज कापडात बांधून चाळणीवर निथळत ठेवणं, बीन्स भिजवणं, पिझ्झा असेल तर पिठाच्या गोळ्यांचं वेळापत्रक बघणं. ही विसरली तर सकाळी कितीही धावपळ करून भरून निघत नाहीत. ओली रिकोटा राव्हिओलीत भरली की दुपारपर्यंत पारी आतून भिजून फाटते, आणि दोष मात्र पारी लाटणाऱ्या कॉमीला, म्हणजे शिकाऊ कुकला, मिळतो.

तपासणी: ‘करायचं’ या रकान्यात प्रत्येक ओळीला आकडा आहे का? जिथे काहीच करायचं नाही तिथे शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे कोणीतरी मोजायचं विसरलं.

## २. माल उतरवून घेणं

हे काम सगळ्यात नवख्या पोरावर सोडतात, ते सोडू नका. सही करण्याआधी पाच मिनिटं स्वतः उभे राहा, खिशात थर्मामीटर असू द्या. थंड माल ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, गोठवलेला माल दगडासारखा कडक. पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे दिसले तर माल मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. परत पाठवा, आणि तिथल्या तिथे. गाडी गेल्यावर केलेली तक्रार म्हणजे उद्याचा वाद.

वोंगोले आणि मसल्स हे शिंपले जिवंतच हवेत. उघडं शिंपलं ओट्यावर टकटक केलं की मिटायला हवं. मिटलं नाही, फुटलेलं असलं किंवा वास आला तर फेकायचं. वाळू काढायला वोंगोले लिटरमागे ३० ते ३५ ग्रॅम मिठाच्या गार पाण्यात काही तास ठेवतात. साध्या पाण्यात ठेवलेत तर मरतात. शिजवल्यावरही जे तोंड उघडत नाही ते ताटात जाऊ देऊ नका.

बेसिलचं उलटं. थंडी त्याला सोसत नाही, फ्रीजच्या मागच्या भिंतीला लागलेली जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते. देठ पाण्यात बुडवून, किचनच्या थंडशा कोपऱ्यात ठेवा.

बुफाला (म्हशीच्या दुधाची) मोझारेला तिच्या पाण्यातच राहू द्या, आणि सर्व्हिसआधी अर्धा तास, लागेल तेवढीच बाहेर काढा. फ्रीजमधून थेट ताटात गेलेली मोझारेला रबरासारखी लागते. चव असते, पण थंडीने बधिर झालेली.

माल आत जाताना लेबल: पदार्थ, तारीख, वेळ, नाव. जुना पुढे, नवा मागे. याहून जास्त सांगण्यासारखं इथे काही नाही, पण रोज बघावं लागतं.

## ३. प्रेपचा (पूर्वतयारीचा) क्रम

बहुतेक गोंधळ इथेच होतो. सकाळी आल्याआल्या माणूस सोपं काम हातात घेतो, पार्सली चिरतो, चीज किसतो, मन लागतं. अकरा वाजता लक्षात येतं की रागू अजून चुलीवर चढलेलाच नाही. क्रम वेळेवरून लावायचा: ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते आधी, जे सगळ्यात लवकर कोमेजतं ते शेवटी.

### अ) स्टॉक आणि रागू

पहिल्या अर्ध्या तासात हे चुलीवर हवेत. रागूला तीन ते चार तास मंद आच लागते, त्यात घाई चालत नाही. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून केलेलं सोफ्रित्तो मंद आचेवर मऊ होऊ द्या, रंग नको. मांस मात्र वेगळ्या रुंद भांड्यात, थोडं थोडं करून परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि मांस आपल्याच पाण्यात उकडतं. तळाशी तपकिरी थर धरायला लागला, चरचर आवाज पुन्हा सुरू झाला, की मगच वाइन ओतायची. सोफ्रित्तोवरच मांस ओतून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. त्या रागूला रंग येतो तो टोमॅटोचा, चवीला खोली येत नाही.

### आ) पास्ताचं पीठ

अंड्याच्या पिठाचं नेहमीचं प्रमाण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. घरी ते चालतं. किचनमध्ये अंडी फोडून वजन करा, कारण तीन किलो मैद्याला तीस अंडी म्हटली की प्रत्येक अंड्यातला पाच ग्रॅमचा फरक दीडशे ग्रॅम होतो, आणि पीठ एक दिवस सैल तर एक दिवस दगड. १०० ग्रॅमला साधारण ५२ ते ५५ ग्रॅम अंडं धरा आणि शेवटचं थोडं हातचं राखून घाला. मळून झालं की झाकून किमान अर्धा तास विश्रांती. न मुरलेलं पीठ रोलरमधून निघतं आणि लगेच आक्रसतं.

कापलेल्या तालियातेल्लेवर भुरभुरायला बारीक सेमोलिना (रवा) घ्या. मैदा ओल धरून चिकट होतो आणि उकळत्या पाण्यात जाऊन पाण्याची खळ करतो. राव्हिओली कच्ची, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवू नका. भरल्याभरल्या ट्रेवर सुटी सुटी गोठवा आणि ऑर्डर आली की गोठलेलीच पाण्यात सोडा.

### इ) रिसोट्टो अर्धवट शिजवणं

ऑर्डर आल्यावर अठरा मिनिटं रिसोट्टो ढवळत बसणं गर्दीत परवडत नाही, म्हणून तो आधी दोन तृतीयांश शिजवून ठेवतात. यात दोषास्पद काही नाही, नीट केलं तर.

कार्नारोली तांदूळ घ्या. तो आर्बोरिओ तांदळापेक्षा दम धरतो. तांदूळ चरबीत परतून दाणा हाताला कडक गरम लागेपर्यंत थांबा, मग वाइन, मग गरम स्टॉक. दहा-अकरा मिनिटांनी एक दाणा दातांखाली फोडा. मधे पांढरा, खडूसारखा ठिपका स्पष्ट दिसायला हवा. तिथेच थांबा. लोणी नाही, चीज नाही. आधीच फ्रीजमध्ये गार केलेल्या ट्रेवर भात एक सेंटिमीटर जाडीत पसरा आणि लगेच ब्लास्ट चिलरमध्ये (झटपट गार करणाऱ्या फ्रीजमध्ये). ट्रे साधा असेल तर भात स्वतःच्या उष्णतेनेच पुढे शिजत राहतो आणि संध्याकाळी लापशी होते.

सावधान: शिजलेला भात कोमट अवस्थेत ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून नष्ट होत नाही. आज पसरलेला भात आजच संपवा, उरलेला टाका.

### ई) सॉस गार करणं

वीस लिटरचं रागूचं पातेलं तसंच वॉक-इनमध्ये (खोलीएवढ्या फ्रीजमध्ये) सरकवलं तर सकाळी बाहेरून गार आणि मधे कोमट सापडतं. मी एकदा असं पातेलं ढवळून बघितलं होतं, आंबूस वास आला आणि अख्खं ओतून द्यावं लागलं. ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत, हा नियम धरा. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तो. उथळ ट्रे, जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर थर, खाली बर्फ. गार झाल्यावर झाकण. आधी झाकलं की वाफ आतच कोंडते.

### उ) लसणाचं तेल

हे मुद्दाम वेगळं लिहितो, कारण चांगल्या चांगल्या किचनमध्ये लसणाच्या पाकळ्या घातलेली तेलाची बाटली चुलीजवळ उभी दिसते. तेलात हवा नसते, आणि कच्च्या लसणावर बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. किचनच्या उबेत हे मिश्रण घातक ठरू शकतं. लागेल तेवढंच रोज करा, फ्रीजमध्ये ठेवा, दिवसाअखेर टाका.

### ऊ) सगळ्यात शेवटी

पेस्तो, पार्सली, सॅलडची पानं. पेस्तोसाठी मिक्सरचं भांडं आणि तेल दोन्ही गार करून घ्या, थांबत थांबत फिरवा. पात्यांच्या उष्णतेनेही बेसिल काळवंडतं. तिरामिसूचं अंडं पाश्चराइझ केलेलं असावं, किंवा पिवळा बलक साखरेबरोबर गरम पाण्यावर ७१ अंशांपर्यंत न्यावा.

तपासणी: सर्व्हिसच्या एक तास आधी तक्ता घेऊन सगळ्या स्टेशनांवर फिरा. ‘झालं’ असं ऐकून खूण करू नका, झाकण उघडून बघा.

## ४. चाखणी आणि ब्रीफिंग

चमच्याने चाखून सॉसचं मीठ ठरवणं ही फार नेहमीची चूक आहे. सॉस एकटा कधीच खाल्ला जात नाही. दोन-चार पेन्ने उकळून, सॉसमध्ये परतून, चीज घालून चाखा. रागूत पार्मिजानो चीज पडल्यावर खारटपणा वाढतो, टोमॅटो सॉसला पास्ताच्या स्टार्चमुळे मीठ कमी वाटतं. स्टेशनवरच्या माणसालाही त्याच वेळी चाखायला द्या, म्हणजे रात्री नऊ वाजता ‘असंच हवं होतं’ हे दोघांनाही ठाऊक असतं.

मग पंधरा मिनिटांचं ब्रीफिंग, फ्लोअरच्या माणसांसह, म्हणजे वेटरांसह. काय मोजकंच आहे (‘ब्रान्झिनो मासे फक्त आठ’), काय नाही, आणि कशात काय दडलंय. इटालियन जेवणात ॲलर्जीच्या गोष्टी मेन्यूवर दिसत नाहीत:

- सोफ्रित्तोमध्ये सेलरी असते, म्हणजे रागू, मिनेस्त्रोने आणि बहुतेक स्टॉकमध्येही.
- पुत्तानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही मासे. काही ठिकाणी हिरव्या सॉसमध्येही.
- पेस्तोमध्ये चिलगोजे किंवा काजू.
- पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो जनावराच्या रेनेटने (वासरा-कोकरांच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) बनतात. कट्टर शाकाहारी पाहुण्याला ‘यात मांस नाही’ एवढं सांगणं अपुरं आहे. त्याला हे कळलं पाहिजे, किंवा वनस्पतिजन्य रेनेटचं चीज वेगळं ठेवलं पाहिजे.
- ग्लुटेनमुक्त पास्ता नेहमीच्या पाण्यात उकळला की तो ग्लुटेनमुक्त राहत नाही. वेगळं पातेलं, वेगळा चिमटा, वेगळी चाळणी.

वेटरने विचारलं आणि तुम्हाला खात्री नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा, आणि खरंच डब्यावरचं लेबल बघा.

## ५. पासवर: उलटी मोजणी

सर्व्हिस सुरू झाली की तुमची जागा पासवर. तिथून हलायचं नाही.

तिकीट आलं की आधी शेवटपर्यंत वाचा, मगच तोंड उघडा. मधेच ‘दोन लिंग्विनी’ ओरडलात आणि खालच्या ओळीत ‘एक बिनलसणाची’ निघाली, की एक पॅन वाया. मग मनात उलटं मोजा: हे टेबल कधी एकत्र बाहेर जायचं, आणि कोणाला किती वेळ लागतो?

एक टेबल घेऊ. लिंग्विनी आल्ले वोंगोले (शिंपल्यांचा पास्ता), रिसोट्टो, तालियातेल्ले अल रागू, मार्गेरिता पिझ्झा. सुकी लिंग्विनी पाणी आणि पॅन धरून दहा मिनिटं. अर्धवट शिजवलेला रिसोट्टो सहा-सात. ताजी तालियातेल्ले तीन-चार. खूप तापलेल्या भट्टीत मार्गेरिताला दीड मिनिट, पसरायला आणखी एक. तर क्रम असा:

१. शून्य मिनिट: ‘लिंग्विनी पाण्यात.’
२. तीन मिनिटांनी: ‘रिसोट्टो चढव.’
३. सहा मिनिटांनी: ‘तालियातेल्ले.’
४. साडेसात मिनिटांनी: ‘मार्गेरिता पसर.’

चारही एकदम पुकारलेत तर मार्गेरिता तिसऱ्या मिनिटाला पासवर येऊन बसते, चीज घट्ट होतं, आणि ती परत भट्टीत टाकायचा मोह होतो. परत टाकलेली मार्गेरिता खालून करपते आणि वरून सुकते.

पुकारलं की उत्तर आलंच पाहिजे. ‘टेबल सात, लिंग्विनी पाण्यात!’ ‘पाण्यात, शेफ!’ उत्तर नाही आलं तर पुन्हा पुकारा. आवाज वाढवायची गरज नाही, त्या माणसाकडे बघा. नुसती मान हलवणं मी उत्तर धरत नाही, पाठमोऱ्या माणसाची मान कोणाला दिसते?

सावधान: ताट तुमच्यापुढून जातं तेव्हा दोन गोष्टी बघायच्या, तिकिटाशी जुळतंय का आणि ताट गरम आहे का. थंड ताटात कार्बोनारा (अंडं-चीजच्या सॉसमधला पास्ता) टेबलापर्यंत पोचेतो गोठते.

## ६. पास्ता स्टेशनवर लक्ष

पास सोडायचा नाही, पण नजर सगळ्यात जास्त इथे हवी.

पाणी. सुरुवातीला लिटरमागे १० ग्रॅम मीठ. पेकोरिनोचे पदार्थ जास्त जाणार असतील तर मी ७ वर थांबतो. खरी अडचण पुढे येते. एका शनिवारी नऊच्या सुमाराला काचो ए पेपेची दोन ताटं लागोपाठ खारट म्हणून परत आली. मी पेकोरिनोला दोष दिला, चीज कमी करायला लावलं. तिसरंही परत आलं. तेव्हा कुठे मी पास्ता उकळायच्या कुकरमधलं पाणी चमच्याने चाखलं, समुद्राचं पाणी! पोरगा प्रामाणिकपणे दर वेळी पाणी घालताना मीठही घालत होता. त्याला कोणी, म्हणजे मी, सांगितलंच नव्हतं की वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागेच राहतं. वाफेने कमी झालेलं पाणी भरताना मीठ नको. डावाने काढून पॅनमध्ये गेलेलं भरताना हवं. दोन्ही एकाच वेळी होत असतं, म्हणून नियम एकच: अर्ध्या तासाने पाणी चाखायचं. आता हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

पाणी ढगाळ होणं चांगलं, तो स्टार्च सॉस बांधतो. बोटांना चिकट लागायला लागलं की बदला. दोन कप्पे असतील तर एका वेळी एकच रिकामा करा, म्हणजे उकळतं पाणी कधीच शून्यावर येत नाही. पाण्यात तेल घालू देऊ नका, सॉस पास्त्यावरून घसरतो.

मान्तेकातुरा, म्हणजे शेवटी सॉस पास्त्याला बांधणं. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा. पॅनमध्ये सॉस आणि डावभर पाणी आधीच उकळत असावं. मोठ्या आचेवर हलवत पास्ता तिथे पुरा शिजू द्या. मग आच बंद, आणि त्यानंतर लोणी किंवा तेल, चीज, पुन्हा जोरात हलवणं. आच चालू असताना चीज टाकलं की त्याच्या गाठी होतात आणि तूप वेगळं दिसायला लागतं.

तपासणी: ताट किंचित तिरकं करा. पास्त्याभोवती पाण्याचं कडं सुटलं तर सॉस बांधला गेला नाही, परत पॅनमध्ये. ढीग जागचा हललाच नाही तर चमचाभर पाणी हवं. पॅनमधून काढताना हवा त्याहून जरा सैलच काढा, टेबलापर्यंत जाताना तो आवळतो. रिसोट्टोलाही हेच, ताट हलवलं की लाटेसारखा सरकला पाहिजे.

कार्बोनारा. ग्वांचालेची (डुकराच्या गालाच्या खारवलेल्या मांसाची) चरबी सुटली, पास्ता पॅनमध्ये फिरला, आता पॅन चुलीवरून खाली. वीस सेकंद थांबा. ही वीस सेकंदं गर्दीत कोणालाच द्यायची नसतात, आणि अंड्याच्या भुर्जीचं मूळ तिथेच आहे. पिवळा बलक ६५ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, नुकताच खाली उतरवलेला पॅन त्याहून पुष्कळ गरम असतो. बलक आणि पेकोरिनोचं मिश्रण चमचाभर कोमट पाण्याने सैल करून मगच घाला. गुठळ्या झाल्याच तर क्रीम घालून सावरायला बघू नका. टाका, नवीन लावा, आणि वेटरला चार मिनिटं मागा.

## ७. एखादं स्टेशन बुडायला लागलं तर

बुडणारं स्टेशन आधी आवाजावरून कळतं. उत्तरं उशिरा यायला लागतात, मग येतच नाहीत. ओट्यावर वापरलेले पॅन साचतात. तेव्हा या क्रमाने:

१. नवी तिकिटं पुकारणं थांबवा. ती दोन मिनिटं तुमच्या हातात राहू द्या. न पुकारलेलं तिकीट फक्त तुमच्या डोक्यात असतं, पुकारलेलं सगळ्यांच्या.
२. त्या माणसाला एकच गोष्ट विचारा: ‘पाण्यात काय आहे?’ त्याला सांगता आलं नाही तर तुम्हीच मोजून सांगा.
३. शेजारच्या स्टेशनवरचा मोकळा हात त्याला द्या, ठरावीक कामासाठी: ‘तू फक्त प्लेटिंग कर.’ नुसतं ‘मदत कर’ म्हटलं की दोघं एकाच पॅनपाशी उभे राहतात.
४. फ्लोअरला खरी वेळ सांगा. बारा मिनिटं लागणार असतील तर बारा.
५. यातून भागलं नाही तरच स्वतः लाइनवर जा. त्याआधी पास कोणाच्या तरी हाती द्या, नाव घेऊन. काम संपताच परत या.

चूक झाली तर सर्व्हिसमध्ये चार शब्द पुरे: ‘मीठ कमी, पुन्हा कर.’ कारण, उपदेश, मागच्या आठवड्याची आठवण, हे सगळं रात्री, एकट्याला बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर झापलेला पोरगा पुढचे दोन तास तुमच्या भीतीने पॅन धरतो, चव बघायचं विसरतो. आणि हेड शेफकडून तुम्हाला जे ऐकावं लागलं ते तसंच्या तसं खाली ओतू नका. त्यातलं काम तेवढं पोचवा.

## ८. बंद करताना

शेवटचं तिकीट गेल्यावर आधी गरम वस्तू गार करायला लावा, मग घासपूस. उलटं केलंत तर ओटे चकचकीत होतात आणि सॉस तासभर कोमट बसलेला असतो. पास्ताचं पाणी ओता, कुकर रिकामाच घासा. बलक आणि पेकोरिनोचं उरलेलं मिश्रण, अर्धवट रिसोट्टो, लसणाचं तेल, हे तिन्ही कचऱ्यात. किती टाकलं ते लिहा, कारण रोज अर्धा ट्रे रिसोट्टो टाकला जात असेल तर तुमचा अपेक्षित विक्रीचा आकडा चुकीचा आहे.

फ्रीजची तापमानं लिहा. ऑलिव्ह, अँकोव्ही, केपर्सचे डबे पुसून लहान डब्यात भरा. मग वजनकाटा, तक्ता, पहिल्या भागातली मोजणी.

शेवटी सकाळच्या माणसासाठी चिठ्ठी. ती तक्त्यालाच टाचा, सुटी ठेवली की पिठाखाली जाते. त्यात गप्पा नकोत, सकाळी आल्याआल्या हाताला लागेल एवढंच हवं. माझी कालची अशी होती:

‘रागू ३,१६० ग्रॅम, आल्याबरोबर चढवणे. रिकोटा वरच्या फळीवर निथळतेय, पिळू नकोस. डाव्या फ्रीजचं रबर सैल आहे, दार ढकलून बघ, मासळी उजवीकडे ठेव. वोंगोले दोन किलोच येणार, लिंग्विनी पंधरा प्लेटच्या पुढे घ्यायची नाही, फ्लोअरला सांग. संध्याकाळी टेबल बारा, सेलरीची ॲलर्जी: त्यांच्यासाठी सेलरीशिवाय छोटा स्टॉक वेगळा लाव, डब्यावर नाव लिही.’